शूल, हंडी आणि तवा : ग्वाल्हेरच्या मराठी घरातील मांसपाकाचा एक अध्याय

१

संस्कृत वैयाकरणांना आणि कोशकारांना स्वयंपाकघराचे वावडे नव्हते. पाणिनीने अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायात शूल आणि उखा ह्या दोन शब्दांना एकाच सूत्रात एकच प्रत्यय सांगितला आहे. शुलावर म्हणजे सळईवर भाजलेले ते शूल्य आणि उखेत म्हणजे हंडीत शिजविलेले ते उख्य. पुढे अमरसिंहानेही मांसपाकाचे शब्द देताना हीच जोडी शेजारी शेजारी ठेविली. शूल्याला भटित्र हा पर्याय आणि उख्याला पैठर हा. पिठर म्हणजे मडके, त्यात सिद्ध झालेले ते पैठर. मांस एक तर उघड्या विस्तवावर भाजावे, नाही तर झाकल्या भांड्यात शिजवावे, अशी ही दोन कुळे प्राचीन काळापासून चालत आली आहेत.

ह्या जोडीत तवा नाही. तव्याला अमरकोशात जागा आहे; परंतु ती दुसऱ्या ठिकाणी. ऋजीष असे त्याचे नाव असून त्याचा अर्थच पिष्टपचन, पीठ भाजण्याचे भांडे, असा दिला आहे. तवा हा पिठाचा धनी आहे. मांसाशी त्याचे मूळचे नाते नाही. भाकरी, पोळी, घावन, आंबोळी ही त्याची प्रजा. आजही मराठी माणसाने 'तवा' म्हटले की डोळ्यांपुढे भाकरीच येते.

असे असता मांसाचा जाड तुकडा कोरड्या, तापलेल्या, जड लोखंडी तव्यावर टाकून, दोन्ही अंगांनी खरपूस करून खाण्याची रीत आपल्या घरांत केव्हा आणि कोणत्या वाटेने आली? युरोपीय लोक जिला स्टेक म्हणतात त्या पदार्थाची ही रीत. वरवर पाहता प्रश्न क्षुल्लक आहे आणि त्याचे उत्तर तर तयारच आहे : साहेबाचे अनुकरण, दुसरे काय? प्रस्तुत लेखात हे तयार उत्तर ग्वाल्हेरच्या बाबतीत तपासून पाहावयाचे आहे. ग्वाल्हेर एवढ्यासाठी की, मराठी स्वयंपाकघर, मोगली बावर्चीखाना, इंग्रजी छावणी आणि लोखंडाची खाण ही चारही तेथे काही कोसांच्या आत एकमेकांच्या शेजारी नांदली. एवढा शेजार मराठी मुलखात अन्यत्र क्वचितच सापडेल.

२

प्रथम शब्दाकडे पाहू. स्टेक हा शब्द इंग्रजीत आला तो उत्तर युरोपातील प्राचीन नॉर्स भाषेतून, आणि तेथे त्याच्या मुळाशी असलेल्या क्रियापदाचा अर्थ सळईवर भाजणे असा आहे. म्हणजे स्टेक हा शब्दार्थाने शूल्यच. दोन्ही भाषांनी पदार्थाला नाव दिले ते साधनावरून, आणि साधन दोन्हीकडे एकच होते. इंग्रजांच्या घरी पुढे सळई गेली, जाळी आली, मग जाड लोखंडी तवा आला. नाव मात्र सळईचेच राहिले. आपल्याकडे सळई कबाबाच्या रूपाने टिकली. शूल्य हा शब्द तेवढा कोशात जाऊन बसला.

तेव्हा मांस भाजण्याची हौस एकाची आणि अनुकरण दुसऱ्याचे, असा प्रकार मुळात नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा ह्याच्या 'मानसोल्लास' ह्या बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील ग्रंथात अन्नभोगाचे मोठे प्रकरण आहे. त्यात मांसाचे तुकडे सळईत ओवून निखाऱ्यावर भाजण्याची कृती भडित्र ह्या नावाने आली आहे. रानडुकराच्या मांसाचे कौतुक आहे. आणि तापलेल्या खापरावर भाजावयाचे मांडेही आहेत. मांडे खापरावर, मांस सळईवर किंवा भांड्यात, ही वाटणी तेथेही स्पष्ट दिसते. पंधराव्या शतकाच्या अखेरीस माळव्यात मांडूच्या गियासशाह सुलतानाने आपल्या मुदपाकखान्याचा 'निमतनामा' हा सचित्र ग्रंथ सिद्ध करविला. त्यात कबाब आहेत, समोसे आहेत, सुगंधांचा तर केवळ महापूर आहे. माळव्याची ही खाद्यसंस्कृती पुढे शिंदे, होळकर आणि पवार ह्या सरदारांच्या वाट्याला आली. मराठे उत्तरेत गेले ते रिकाम्या पाटावर बसले नाहीत. पान आधीच वाढलेले होते.

३

तरीही सळई आणि हंडी ह्यांच्यामधली ही तिसरी वाट, म्हणजे जाड तुकडा आणि तापलेला तवा, आपल्याकडे फार काळ का रुळली नाही, हे नीट समजून घेतले पाहिजे. त्याला अरसिकपणा कारण नाही. कारणे पाच आहेत आणि ती पाचही व्यावहारिक आहेत.

पहिले कारण जनावराचे. स्टेक हा मुख्यतः गोमांसाचा पदार्थ. मोठ्या जनावराच्या पाठीवर जाड, मऊ, धाग्यांना आडवा छेद देता येईल असा मांसल पट्टा असतो. बोकडाच्या अंगावर तो अगदी लहान असतो. त्याचे बाकीचे मांस चिवट, काम करणाऱ्या स्नायूंचे. हिंदू राज्यात गोमांसाचा प्रश्नच नव्हता. महादजी शिंद्यांनी बादशहा शाहआलम ह्यांजकडून गोवधबंदीचे फर्मान मिळविले आणि पेशव्यांच्या वकील-इ-मुतलकीच्या प्रसंगी, १७९२ साली, पुण्याच्या दरबारात ते इतर फर्मानांबरोबर वाचून दाखविण्यात आले. ज्या घराण्याने दिल्लीच्या बादशहाकडून असे फर्मान काढविले, त्याच्या राजधानीतील पाकशास्त्र बोकड, मेंढी आणि शिकार ह्यांच्याच आधारे वाढणार, हे उघड आहे.

दुसरे कारण हवेचे. युरोपात मांस थंडीत कित्येक दिवस टांगून मुरवितात. त्यात ते आपोआप मऊ होते. आपल्याकडे सकाळी कापलेले जनावर संध्याकाळच्या आत शिजलेच पाहिजे. अशा ताज्या मांसाला तव्यावरची पाच-दहा मिनिटे पुरत नाहीत. त्याला हंडीतले दोन तास लागतात. तिसरे कारण जेवणाच्या पद्धतीचे. आपण एका हाताने जेवतो. ताटात सुरी नसते. म्हणून कापण्याचे सगळे काम स्वयंपाकघरात उरकावे लागते आणि बोटांनी सुटेल इतके मांस मऊ व्हावे लागते. चौथे कारण रुचीचे : आतून तांबूस राहिलेले मांस आपल्या दृष्टीने कच्चे.

पाचवे कारण सर्वांत महत्त्वाचे असून त्याकडे लक्ष मात्र सर्वांत कमी गेले आहे. ते भांड्याचे. प्रतिष्ठित मराठी घरातील भांडी तांब्याची आणि पितळेची. आंबट पदार्थ कळकू नये म्हणून त्यांना कल्हई करावी लागते. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ लेप, आणि कथील २३२ अंश सेल्सियसला वितळते. भांड्यात पाणी आहे तोवर उष्णता शंभर अंशांच्या वर जात नाही आणि कल्हई सुरक्षित राहते. परंतु तेच भांडे कोरडे ठेवून खाली जाळ वाढविला तर लेप वितळून गोळा होतो. घरात कोणी पातेले चुलीवर विसरले म्हणजे काय होते, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक असते. जाड मांस तव्यावर खरपूस करावयाचे तर तवा दोनशे अंशांच्या बराच वर तापवावा लागतो. म्हणजे ज्या भांड्यांना आपण शुद्ध मानले, त्यांनीच आपला पाक रसदार कालवणाच्या बाजूला वळविला. कोरड्या, प्रखर आचेचे काम फक्त लोखंडाला शक्य होते, आणि लोखंडाला देवघराजवळच्या चुलीवर मान नव्हता. नैवेद्य तांब्यापितळेत व्हावयाचा, लोखंड भाकरीपुरते.

४

आता ग्वाल्हेरच्या लोखंडाकडे वळू. अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'मध्ये ग्वाल्हेरविषयी मोजक्याच गोष्टी नोंदल्या आहेत : किल्ला, दरवाजावरचा दगडी हत्ती, चांगली हवा, नामांकित गवई, आणि लोखंडाची खाण. गवयांची कीर्ती दिगंत झाली. खाणीची विसरली गेली. परंतु सोळाव्या शतकाच्या अखेरीस दिल्लीच्या राज्यकर्त्याला ग्वाल्हेर सांगताना जे आवर्जून सांगावेसे वाटले त्यात लोखंड होते, ही नोंद आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाची आहे.

हे लोखंड कसे निघे? मातीची उंच भट्टी, लाकडी कोळसा आणि कातड्याचा भाता. अशा भट्टीत शुद्ध लोखंड वितळत नाही, कारण त्याला १५३८ अंश उष्णता हवी. धातुकापासून लोखंड सुटे होऊन त्याचा सच्छिद्र गोळा खाली बसतो. तो तांबडालाल असताना ठोकून ठोकून मळी काढावी लागते. हे झाले घडीव लोखंड. ह्याचा तवा हातोड्याने घडविला जातो, मध्ये किंचित खोलगट, आणि त्यामानाने पातळ. ग्वाल्हेर आणि राजस्थानच्या रस्त्यांवर बैलगाडीत संसार मांडून फिरणाऱ्या गाडिया लोहारांनी असे तवे, चिमटे आणि कुऱ्हाडी पिढ्यान् पिढ्या घडविल्या. चितोड पडल्यावर पुन्हा घर बांधावयाचे नाही असा आपल्या पूर्वजांनी पण केला, असे ते सांगतात. १९५५ साली पंडित नेहरूंच्या उपस्थितीत त्यांना समारंभाने चितोडगडावर परत नेण्यात आले. तरी हातोडा आणि गाडी अनेकांनी सोडली नाही.

दुसरी जात ओतीव लोखंडाची. मराठीत हिला बीड असा सुंदर, आटोपशीर शब्द आहे. कोकणात आणि देशावर घावनासाठी बिडाचा तवा लागतो, कालवणासाठी बिडाची कढई लागते. लोखंडात तीन-चार टक्के कार्बन मिसळला की ते सुमारे साडेअकराशे अंशांवरच वितळते आणि साच्यात ओतता येते. परंतु त्यासाठी मोठी झोतभट्टी हवी. हिंदुस्थानात अशी भट्टी चालविण्याचे प्रयत्न १८३० नंतर दक्षिणेत पोर्टो नोव्हो येथे झाले. बंगालमध्ये कुल्टीचा कारखाना १८७० नंतरच्या दशकात निघाला. टाटांच्या जमशेदपूरच्या भट्टीतून १९११ साली पहिले बीड बाहेर पडले. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसविली आणि बिडाच्या ओतकामाला मराठी माणसाच्या हाताचे वळण मिळाले. ह्या साऱ्या घडामोडींतून बीड स्वस्त झाले आणि जड, जाड, सपाट बुडाचा तवा सामान्य घराच्या आवाक्यात आला. तव्यावरच्या मांसाचा इतिहास हा निम्मा ह्या भट्ट्यांचा इतिहास आहे.

ग्वाल्हेरच्या शिंद्यांना ओतकाम अपरिचित मात्र नव्हते. महादजींच्या काळी आग्र्यास तोफांचा कारखाना होता आणि सँगस्टर नावाचा स्कॉटलंडचा माणूस त्यावर देखरेख करी. द बॉयने उभारलेल्या कवायती पलटणींना 'कंपू' म्हणत. ग्वाल्हेरमध्ये तो शब्द आजही एका वस्तीचे नाव होऊन राहिला आहे. मराठीत मात्र त्याचा अर्थ घसरत घसरत टोळक्यावर आला. ओतण्याची विद्या होती, पण ती तोफेसाठी. तिचा प्रवास तोफेपासून तव्यापर्यंत व्हावयास आणखी शंभर वर्षे लागली.

५

१८१० साली दौलतराव शिंद्यांचा तळ ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली पडला आणि तो उठलाच नाही. फौजेच्या त्या तळाचेच नाव पुढे शहराला मिळाले : लष्कर. त्याच्या आदल्या वर्षी हा तळ राजस्थानात फिरत असताना इंग्रज वकिलाबरोबर असलेल्या ब्राउटन नावाच्या अधिकाऱ्याने लिहिलेली पत्रे १८१३ साली प्रसिद्ध झाली. मराठी छावणी म्हणजे चालते शहर होते, हे त्या पत्रांवरून डोळ्यांपुढे उभे राहते. अशा चालत्या शहरात घरोघर काय असणार? जे घोड्यावर, बैलावर लादता येईल तेच. तवा, परात, एखादे पातेले. तवा हे फिरत्या माणसाचे भांडे आहे. तांब्यापितळेची उतरंड ही स्थिरावलेल्या घराची. लष्करातील घरे पुढे स्थिरावली, वाडे झाले, माजघरात पितळ झळकू लागले. परंतु मूळ संसार तव्यावरचा होता, ही गोष्ट विसरता कामा नये.

मराठा घरांतून मांसाचा स्वयंपाक बहुधा मुख्य चुलीवर होत नसे. त्याची भांडी निराळी, चूल निराळी, कित्येकदा जागाही परसात किंवा मागच्या पडवीत. शिकारीच्या मांसाला तर पुरुषांचाच हात लागे. ह्या वेगळेपणाकडे आपण केवळ सोवळ्या-ओवळ्याच्या दृष्टीने पाहतो. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला की, त्या बाहेरच्या चुलीवर नियम सैल झाले. तेथे लोखंड चाले, तेथे मुसलमान बावर्चीने सांगितलेली युक्ती चाले, छावणीतून आलेले नवे भांडे चाले. आतल्या चुलीने परंपरा राखली. बाहेरच्या चुलीने प्रयोग केले. ग्वाल्हेरचा तव्यावरचा मांसपाक ह्या बाहेरच्या चुलीचे अपत्य आहे, असे माझे प्रतिपादन आहे.

मोगली पाकाकडून त्याला पसंदा मिळाला. मांसाचा निवडक, हाडाविरहित तुकडा घेऊन, सुरीच्या उलट्या बाजूने ठोकून त्याची पट्टी करावयाची, ती मसाल्यात मुरवून मंद किंवा तेज आचेवर परतावयाची, ही आग्रा-दिल्लीकडची रीत. चिवट मांसावर ठोकणे हा एक उपाय. मुरवण हा दुसरा. त्यासाठी कच्ची पपई वापरतात. पपई मूळची अमेरिकेची, पोर्तुगीजांच्या मागोमाग इकडे आलेली. तिच्याआधीचा आणि ह्या कोरड्या मुलखाचा स्वतःचा उपाय म्हणजे कचरी, रानात वेलीवर येणारे लहानसे आंबूस फळ. ते वाळवून त्याची पूड मांसाला चोळतात. दोन्हींतील पाचक द्रव्ये मांसाचे धागे सैल करतात. हवेने जे काम युरोपात थंडीत होते, ते येथे फळाने केले.

६

आता साहेबाचा वाटा. २९ डिसेंबर १८४३ रोजी महाराजपूर आणि पनियार येथील लढायांत शिंद्यांच्या फौजेचा पराभव झाला आणि त्यानंतर इंग्रजी अधिकाऱ्यांच्या हाताखालील ग्वाल्हेर कंटिंजंट मुरारला बसली. १८५७ साली तिने उठाव केला. १८५८ च्या जूनमध्ये राणी लक्ष्मीबाईंचे रक्त ग्वाल्हेरच्या भूमीवर सांडले. आणि त्यानंतर १८८६ पर्यंत किल्ला व मुरार दोन्ही इंग्रजांच्या ताब्यात राहिली. त्या वर्षी झाशीच्या मोबदल्यात ती शिंद्यांना परत मिळाली. म्हणजे सुमारे चाळीस वर्षे लष्करच्या मराठी वस्तीपासून काही मैलांवर गोऱ्या शिपायांचे आणि अधिकाऱ्यांचे मुदपाकखाने चालू होते. त्या काळी हिंदुस्थानातील इंग्रजांसाठी लिहिलेली पाकपुस्तके, उदाहरणार्थ केनी-हर्बर्ट ह्या मद्रासच्या लष्करी अधिकाऱ्याचे १८७८ सालचे पुस्तक, वाचली म्हणजे दिसते की, स्वयंपाक करणारे हात सर्वत्र हिंदी होते. पदार्थ साहेबाचा, शेगडी आपली, हात आपले. हे हात संध्याकाळी घरी जात, नोकरी बदलीत, वाड्यांवर कामाला लागत. ज्ञानाचा प्रवास झाला तो ह्या हातांतून.

ह्याउलट लोकांच्या मनात ग्वाल्हेरची मेजवानी म्हटली की उभा राहतो तो जयविलास राजवाडा. १८७४ साली मायकेल फिलोजच्या आराखड्याप्रमाणे तो उभा राहिला. १८७६ साली प्रिन्स ऑफ वेल्सचे तेथे स्वागत झाले. आणि माधवराव शिंद्यांच्या हौसेतून भोजनाच्या मेजावर रुळांवरून फिरणारी चांदीची छोटी आगगाडी आली. मद्याच्या सुरया आणि सुकामेवा घेऊन ती पाहुण्यांपुढून फिरते आणि कोणी सुरई उचलली की थांबते. १९६४ पासून राजवाड्याच्या एका भागात संग्रहालय आहे आणि प्रेक्षक ही गाडी पाहण्यासाठी गर्दी करतात. ती पाहावी अशी आहेच. परंतु राजवाड्याचे मेज हे सामान्य घराच्या स्वयंपाकाचे उगमस्थान होते, असे मानावयास आधार नाही. मेजावरचा पदार्थ दिसतो. तो कसा केला हे मेजावर दिसत नाही. कृती पाझरते ती शेगडीच्या बाजूने.

शब्दांची साक्ष काढली तर हे अधिक स्पष्ट होते. उत्तर हिंदुस्थानातील खाटकाच्या दुकानी बरगडीसकट कापलेल्या तुकड्याला चाप म्हणतात. हा इंग्रजी चॉप. हाडाविरहित पट्टीला पसंदा म्हणतात, हा फारसी-उर्दू. ज्यावर भाजावयाचे तो तवा, हाही फारसी कुळातला. तो ज्याचा केला ते बीड मराठी, आणि ज्याने परतावयाचे ते उलथने तर अस्सल मराठी. एका पदार्थाच्या वाक्यात चार दरबार जमले आहेत. अनुकरण असते तर नावही एकच, बाहेरचे, आले असते. हा अनुकरणाचा मामला नसून जुळणीचा आहे.

छापील मराठीतही ही जुळणी दिसते. लक्ष्मीबाई धुरंधर ह्यांचे 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' हे पुस्तक मुंबईत १९१० साली निघाले. मांसाहारी पाकक्रियांना त्यात शाकाहारी पाकक्रियांच्या बरोबरीने जागा आहे. ते एका गृहिणीने गृहिणींसाठी लिहिलेले आहे. बाहेरच्या चुलीवरील विद्या पुस्तकाच्या पानांवर, आणि स्त्रीच्या लेखणीने, आत आली ती अशी.

७

ह्या कृतीत मुळात घडते काय, हेही थोडक्यात पाहिले पाहिजे. कारण इतिहासकाराला भांड्याचा स्वभाव कळला नाही तर इतिहासही अर्धा कळतो. बीड उष्णता लवकर पसरवीत नाही. तांबे ह्या बाबतीत त्याच्या सात-आठ पट सरस आहे. बिडाचा गुण त्याच्या वजनात आहे. जाड तवा दहा-पंधरा मिनिटे सावकाश तापविला की तो उष्णतेचा साठा होऊन बसतो. त्यावर गार मांस टाकले तरी तो खचत नाही. पातळ तवा मात्र लगेच थंड होतो, मांसाला पाणी सुटते आणि भाजण्याऐवजी ते आपल्याच पाण्यात उकडू लागते.

म्हणून जाणती गृहिणी मांस आधी फडक्याने टिपून अगदी कोरडे करते, मीठ बरेच आधी लावते, तव्यावर तुपाचा किंवा तेलाचा केवळ हात फिरविते आणि तव्यातून धुराची पहिली रेघ निघेपर्यंत थांबते. मग तुकडा टाकला की चुरचुर आवाज अखंड राहिला पाहिजे. आवाज मंदावला की समजावे, तवा हरला. एकेक बाजू तांबूस-काळसर झाली की तुकडा उतरवून पाच-सात मिनिटे झाकून ठेवावयाचा, म्हणजे रस सर्वत्र सारखा मुरतो. बोकडाच्या मांसाला ह्यापुढे थोडी झाकणाची वाफ लागते, कारण आपल्याला ते आतून पूर्ण झालेले हवे असते. सळईची खरपूस चव आणि हंडीची मऊ वाफ ही दोन्ही एका तव्यावर, एकापाठोपाठ. शूल्य आणि उख्य ह्यांचा समेट झाला तो येथे.

तव्यावर भाजल्याने मांसाचे छिद्र बंद होऊन रस आत कोंडला जातो, असे आजही सांगतात. हे मत लीबिग ह्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचे. १८४७ साली त्याने ते मांडले आणि इंग्रजी पाकपुस्तकांनी ते जगभर नेले. पुढील प्रयोगांनी ते खोटे ठरविले; भाजलेल्या मांसातून रस तितकाच जातो. मिळते ती चव, आणि तिचे कारण मायार ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली दाखविले. प्रथिनांतील द्रव्ये आणि शर्करा प्रखर, कोरड्या आचेवर एकमेकांशी संयोग पावून शेकडो सुगंधी पदार्थ निर्माण करतात. भाकरीच्या पापुद्र्याला जो वास असतो त्याचेही मूळ हेच. तव्याने पिठासाठी जे शतकानुशतके केले तेच त्याने मांसासाठी केले.

नव्या बिडाच्या तव्याला आपल्याकडे तेल पाजतात, कापलेला कांदा घासतात, पुनःपुन्हा तापवितात. तेलाचा पातळ थर तापून लोखंडाशी एकजीव होतो आणि काळा, तुळतुळीत लेप बनतो. चिंच, आमसूल, टोमॅटो ह्यांनी तो लेप निघतो. म्हणून असा तवा कालवणाला देत नाहीत. तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतले तर बीड तडकते. वापरण्याने झिजण्याऐवजी सुधारत जाणारे असे हे भांडे आहे. सासूने सुनेला दिलेला तवा नव्यापेक्षा चांगला चालतो तो ह्यामुळे. त्यावर घरातील स्त्रियांच्या कष्टांचे थर साचलेले असतात.

८

१९४८ साली ग्वाल्हेर संस्थान मध्यभारतात विलीन झाले, १९५६ साली मध्यभारत मध्यप्रदेशात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार संपली, आणि ते योग्यच झाले. परंतु तिच्याबरोबर सरदारी वाड्यांतील परसातल्या चुलीचे एक मोठे निमित्तही संपले. वाडे विभागले गेले, गॅस आला, हलकी ॲल्युमिनियमची आणि पुढे न चिकटणाऱ्या लेपाची भांडी आली. जड तवा कोणाला उचलवेनासा झाला तेव्हा तो मोडीत गेला. चांदीची नोंद दफ्तरात असते. पितळेच्या भांड्यावर निदान नाव कोरलेले असते. बिडाच्या तव्यावर काहीच नसते. तो गेला की त्याच्याबरोबर कृती जाते, शब्द जातो, आणि ज्या हातांनी ती कृती घडविली त्यांचा एकुलता पुरावाही जातो.

हे नुकसान केवळ खवय्यांचे नाही. उत्तरेतील मराठी समाजाचा इतिहास आपण आजवर दोन साधनांवरून लिहिला : लढायांची कागदपत्रे आणि दरबाराची वर्णने. त्या इतिहासात शिंद्यांचे सरदार आहेत, त्यांच्या चुली नाहीत. बावर्ची नाहीत, दासी नाहीत, सुना नाहीत. १९६१ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ग्वाल्हेरला भरले आणि कुसुमावती देशपांडे ह्या त्याच्या अध्यक्ष झाल्या. संमेलनाच्या इतिहासात त्या पदावर बसलेल्या त्या पहिल्या स्त्री. ज्या नगरीने तो मान दिला, तिच्या घरांतील स्त्रियांनी दोनशे वर्षे परक्या मुलखात मराठीपण कशाच्या बळावर टिकविले, हा प्रश्न त्यानंतर तरी विचारला जावयास हवा होता. भाषा टिकली ती सभांमुळे, हे अर्धे उत्तर आहे. उरलेले अर्धे उत्तर चुलीपाशी आहे, जेथे तवा, उलथने, परात हे शब्द हिंदीच्या भर प्रवाहात उच्चारले जात राहिले.

असे टिकणे म्हणजे बंदिस्त राहणे नव्हे, हाच ह्या लहानशा प्रकरणाचा बोध आहे. ग्वाल्हेरच्या मराठी घराने आतली चूल जपली आणि बाहेरच्या चुलीवर जगाला बसावयास जागा दिली. मांस बोकडाचेच ठेविले, आच साहेबाची घेतली, मुरवण मोगली आणि रानातल्या कचरीची, तवा आधी घडीव आणि मग बिडाचा. ह्यांतील एकही गोष्ट लपवून शुद्धतेचा दावा करण्याची गरज त्या गृहिणींना वाटली नाही. आपल्या साहित्यसंस्थांनी वाड्यांतील पोथ्या आणि पत्रे गोळा केली, तशीच परसातील भांडी, त्यांची नावे आणि ती वापरणाऱ्या वृद्ध स्त्रियांचे शब्द गोळा करण्याचे काम अंगावर घ्यावे. कागद वाळवीतून वाचविता येतो. भंगाराच्या भट्टीत वितळलेला तवा पुन्हा हाती येत नाही, आणि तो कोणी, कशासाठी तापविला होता, हे सांगणारी पिढीही फार काळ थांबणार नाही.